मिसळ खाऊन टेकडी चढली की धाप का लागते? पोटाचा नि श्वासाचा काय संबंध?

टेकडीप्रेमी:
मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. रविवारी मिसळ हाणून, तीपण जादा पाव घेऊन, लगेच वेताळ टेकडी चढायला घेतली की निम्म्यातच दम लागतो, आणि रिकाम्या पोटी गेलो तर काही नाही. बायको म्हणते वजन कमी करा, पण वजन तर दोन्ही वेळेला तेच ना! शाळेत पचन आणि श्वसन असे वेगवेगळे धडे होते, यांचा एकमेकांशी संबंध काय ते कोणी सांगितलंच नाही. आणि हो, लसणाची चटणी खाल्ली की ब्रश करूनही वास का जात नाही?

कोथरूडकर:
जठराच्या डोक्यावरच श्वासपटल असतं, श्वास घेताना ते खाली सरकतं आणि फुफ्फुसांना फुगायला जागा होते. जठर तट्ट भरलेलं असेल तर ते नीट खाली जाणार कसं, मग श्वास उथळ होतो. शिवाय जेवणानंतर आतड्यांना जास्त रक्त लागतं, चढताना पायांनाही लागतं, हृदयाला दोन्हीकडचं बघावं लागतं. दोन तास थांबा की राव.

जीवशास्त्रवाली:
वरचं बरोबर आहे पण ते झालं नुसतं शेजारपण, खरं नातं जुनं आहे. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्नमार्गाच्या वरच्या भागालाच एक कोंब फुटतो आणि त्याचीच श्वासनलिका, फुफ्फुसं होतात. म्हणून तर घसा आजही सामायिक आहे, गिळताना एपिग्लॉटिसची झडप श्वासनलिकेवर येते आणि श्वास क्षणभर थांबतो (आत्ता आवंढा गिळून बघा), हे चुकलं की ठसका.

बाकी सगळा व्यवहार रक्तातून. आतडी ग्लुकोज देतात, फुफ्फुसं ऑक्सिजन, पेशींमध्ये दोन्ही भेटले की ऊर्जा मिळते, आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड परत फुफ्फुसातूनच बाहेर. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली साधारण ८.४ किलो श्वासावाटे जाते, बाकीचं पाणी होतं. म्हणजे वहिनी म्हणतात ते वजन जाणार तेही बहुतेक नाकातूनच! लसणाचंही तसंच, त्यातला एक गंधकयुक्त पदार्थ आतड्यातून रक्तात जातो आणि फुफ्फुसातून हळूहळू बाहेर पडत राहतो, ब्रश तिथे पोचणार कुठून.

पेठेतला:
मग घरी बसून जोरजोरात श्वास सोडला की झालं, टेकडी कशाला 😄

जीवशास्त्रवाली:
चक्कर येईल फक्त. चरबी जळायला हवी ना आधी, त्यासाठी स्नायूंनी काम करायला पाहिजे, श्वास मग आपोआप वाढतो.

सिंहगड रोडवाली:
माझा कोरडा खोकला काही केल्या जाईना, छातीचा एक्सरे पण नॉर्मल, शेवटी निघाली ॲसिडिटी. जठरातलं आम्ल वर घशापर्यंत येऊन खोकला उठतो म्हणे. उशिरा जेवून लगेच आडवं होणं बंद केलं, उशाकडची बाजू उंच केली, बराच फरक पडला. पण टेकडीप्रेमी, चढताना नुसती धाप लागते की छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं असंही काही होतं? होत असेल तर मिसळीवर ढकलू नका, जेवणानंतरच्या श्रमाने हृदयाचं दुखणंही वर येतं, सरळ ईसीजी काढून घ्या.