मसाल्याच्या पाकिटावर लोगो नुसता डाग दिसतोय, काय करू?

सांगलीची_सुगरण:
नमस्कार मंडळी. मी घरून कांदा लसूण मसाला आणि मेतकूट करून विकते, दोन वर्षं झाली, आधी ओळखीत जायचं आता दुकानदार पण मागायला लागलेत. ब्रँडचं नाव सासूबाईंच्या नावावरून, 'लक्ष्मी' आहे त्यात. भाच्याने मोबाईलवर लोगो करून दिला, उखळ मुसळ, लाल मिरच्या, लसणाची गड्डी, नऊवारीतली बाई, मागे सोनेरी गोल आणि खाली नाव. मोबाईलवर खरंच छान दिसतो. पण २०० ग्रॅमच्या पाकिटावर स्टिकर चिकटवला तर काहीच कळत नाही, परवा एका गिऱ्हाईकाने पाकीट हातात असताना विचारलं, कुठला मसाला हा? एका डिझायनरने १५ हजार सांगितलेत. किलोमागे काय सुटतं ते मला माहीत, एवढे पैसे द्यायला मन धजत नाही. करावा का खर्च, की आहे त्यातच काही होईल?

मिरजेचा_प्रेसवाला:
ताई मी वीस वर्षं लेबलं न स्टिकर छापतोय. मोबाईलवर केलाय म्हणजे फाईल जेपीजी असणार, मोठी केली की फुटते. आम्हाला कोरल ड्रॉची नाहीतर पीडीएफ लागते, आणि नाव कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारात रूपांतर करून द्यायला सांगा, नाहीतर आमच्या मशीनवर तो फाँट नसला की 'क्ष्मी'चे तुकडे होऊन वेलांटी भलतीकडेच जाते. सोनेरी तर सोडूनच द्या, चार रंगांत सोनेरी छापलं की मळकट पिवळं येतं, खरं पाहिजे तर फॉइल, म्हणजे चमकती पन्नी दाबून छापायचं, त्याचा खर्च वेगळा. आणि पाकीट पारदर्शक आहे का? लालभडक मसाल्यावर लाल मिरच्यांचा लोगो म्हणजे सगळं एकात एक जातं, मागे पांढरा पट्टा घ्या. आज एक करा, लोगोची काळीपांढरी झेरॉक्स काढा, बोटाच्या पेराएवढी छोटी, आणि घरात कुणाला तरी दोन हात लांबून दाखवा. शिक्का, बिलबुक, कापडी पिशवी सगळं एकाच रंगात करावं लागतं बहुतेक वेळा.

अक्षरवेडी_पुणे:
दादांचं शंभर टक्के बरोबर. मी डिझायनर आहे, १५ हजार जास्त की कमी ते त्यात काय काय मिळणार यावर आहे, म्हणून त्यावर बोलत नाही. पण उखळ, बाई, मिरच्या हे सगळं आपण घालतो कारण वाटतं लोगोने धंदा सांगायला पाहिजे. अहो ते काम पाकिटावरची 'कांदा लसूण मसाला' ही अक्षरं करतातच की! स्टेट बँकेचं चिन्ह बघा, एनआयडी या डिझाइनच्या संस्थेतल्या शेखर कामतांनी १९७१ च्या सुमारास केलेलं, निळा गोल आणि त्यात कुलपाच्या भोकासारखी जागा, ना नोटा ना नाणी, पोराने पाटीवर काढलं तरी ओळखू येतं.
तुमच्याकडे नावच इतकं देखणं आहे की तेच लोगो होऊ शकतं. फक्त 'क्ष्मी' फार दाट जोडाक्षर, जाड फाँटमध्ये छोटं केलं की मधल्या पांढऱ्या जागा बुजतात, तेवढं अक्षर मोकळं करून लिहून घ्यावं लागेल. आणि 'ल' पाकळीवालाच घ्या प्लीज, आपला मराठी! बऱ्याच फाँटमध्ये दांडीवाला हिंदी वळणाचा 'ल' येतो आणि मराठी पाटीवर तो बघितला की मला खरंच वाईट वाटतं. पैसे कमी असतील तर 'एक टाइप' या फाँट करणाऱ्यांचे 'मुक्त', 'बलू' हे फाँट फुकट आहेत, धंद्यालाही चालतात, त्यावरून सुरुवात करा.

पापडवाली_वहिनी:
मी केलेली चूक तुम्ही करू नका. लोगो करून घेतला, पैसे दिले, पण कागद केला नाही. वर्षाने पिशव्या छापायच्या म्हणून ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल मागितली तर त्याने परत तेवढेच पैसे मागितले. तेव्हा वकिलांकडून कळलं की बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा कॉपीराइट लिहून घेतल्याशिवाय आपला होत नाही, आणि लिहून घेताना मुदत टाकली नाही तर पाचच वर्षं धरतात. सगळं स्पष्ट लिहून घ्या. मग ट्रेडमार्क, मसाला वर्ग ३० मध्ये येतो, स्वतःच्या नावावर ऑनलाइन केलात तर ४५०० रुपये सरकारी फी, मिळाला की अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं. नुसतं 'लक्ष्मी' मिळणं अवघड, केवढ्या जणांचं आहे ते, म्हणून आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधा, फुकट आहे. आणि नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम (™) लिहा, गोलातला आर (®) नका टाकू, तो नोंदणी झालेल्यांसाठी असतो, आधी टाकणं गुन्हा आहे.

सांगलीची_सुगरण:
सगळ्यांचे खूप आभार. झेरॉक्स काढून सासूबाईंनाच दाखवली, म्हणाल्या उखळ आहे वाटतं, नाव नाही वाचता आलं, आणि नाव त्यांचंच. मग विषय निघाला तेव्हा त्यांनी जुनी हिशोबाची वही काढली, पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंय, इतकं ठसठशीत. 'ल' पाकळीवालाच आहे. यावरून होईल का काही?

अक्षरवेडी_पुणे:
होईल! फोटो टाका, आत्ता टाका.

मिरजेचा_प्रेसवाला:
फोटो नको ताई, सावली पडते. वही घेऊन या, ६०० डीपीआयला स्कॅन करून देतो.