सिंगापुरात ऑफिसच्या लोकांबरोबर बाहेर जेवायला जाताना तुम्ही काय करता? (शाकाहारी आहे, नवीन आहे)

सटाण्याची_वृषा

नमस्कार मंडळी, मार्चमध्ये इथे आले, नवरा अजून पुण्यात आहे, टॅम्पिनीसला एक खोली घेऊन राहते आणि ऑफिस तांजोंग पगारला. कामाची तक्रार नाही, काम आवडतंय. पण लोकांत मिसळणं जमत नाहीये आणि त्याचं मूळ सगळं जेवणात आहे असं वाटायला लागलंय. बारा वाजले की अख्खी टीम उठते, "लंच?" म्हणून एकदा विचारतात, मी डबा दाखवते, ते जातात आणि तासाभराने हसत-खिदळत परत येतात. चार महिने हेच चाललंय. आईला सांगितलं तर म्हणते डबाच बरा, पोटाला त्रास नको. तिचंही बरोबर आहे.

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याचा सेंडऑफ होता, मोठं सीफूडचं हॉटेल, गोल टेबल, मधे फिरणारी काच. व्हेज आहे हे मी आधी सांगितलं होतं, त्यांनीही लक्षात ठेवून माझ्यासाठी टोफू आणि एक हिरवी भाजी मागवली. भाजी इतकी छान लागली की दोनदा वाढून घेतली, आणि मग शेजारची सहज म्हणाली की ह्यातलं बेलाचान मस्त आहे ना. बेलाचान काय ते विचारलं तर जवळा आंबवून केलेली पेस्ट! हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी माझ्यासाठी म्हणून मागवलेलं म्हणून तिथे काही बोलले नाही, पण घरी येऊन खूप रडले. बिल सगळ्यांत समान, माझे ५२ डॉलर.

आता नोव्हेंबरमध्ये कंपनीचं डी अँड डी (डिनर अँड डान्स, ऑफिसची मोठी पार्टी) आहे आणि त्याआधी ऑक्टोबरमध्ये टीममधल्या एका मुलीचं लग्न, हॉटेलात. दोन्हीकडे जायचंय, मनापासून जायचंय. पण काय खायचं, पाकिटात किती घालायचं, बिलाचं कसं बोलायचं हे काहीच माहीत नाही. इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी प्लीज सांगा.

तेह_हालिया

वृषा, आधी एक सांगते, जे झालं त्यात तुझी चूक नाही आणि त्यांचीही नाही. इथे व्हेजिटेरियन म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं "मांस दिसत नाही ते". कांगकाँग म्हणजे ती पोकळ देठाची हिरवी भाजी, ती बेलाचानमध्ये परतायचीच पद्धत आहे. मी सांगलीची, अकरा वर्षं झाली इथे, सुरुवातीला माझंही असंच झालं होतं, लाक्सामध्ये, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रश्श्याच्या नूडल्स. त्यात वर टोफूचे तुकडे दिसतात पण वाटणातच सुकट असते. फ्रूट रोजाकवर (फळं-भाज्यांची कोशिंबीर) जो काळा सॉस घालतात तोही कोळंबीचाच. कॅरट केक म्हणतात त्यात गाजर नाही नि केकही नाही, मुळा नि तांदळाचं पीठ उकडून परततात आणि अंडं घालतात. प्राता (आपल्या पराठ्यासारखा) घेतलास तर सोबतची करी माशाची किंवा मटणाची असू शकते, "ढाल" माग, डाळ देतात. आणि अंडं चालत नसेल तर "नो एग" हे वेगळं सांगायचं, व्हेजमध्ये अंडं धरलेलं असतं.

आता खायचं काय. प्रत्येक हॉकर सेंटरमध्ये (खाण्याचे बरेच स्टॉल आणि मधे सगळ्यांची टेबलं) नाही पण बऱ्याच ठिकाणी चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल असतो, पिवळी किंवा हिरवी पाटी, तिथे व्हेजिटेरियन बी हून मिळतं. बी हून म्हणजे तांदळाच्या शेवया. त्यावर कोबी, टोफूची पापडी, मशरूम, शिवाय मटणासारखं दिसणारं पण सोया नि ग्लुटेनचं काहीतरी ठेवतात, ते बघून पहिल्यांदा दचकायला होतं, नको असेल तर बोट दाखवून नाही म्हणायचं. हे लोक कांदा-लसूणसुद्धा वापरत नाहीत, माझी जैन मैत्रीण डोळे झाकून खाते, फक्त बटाटा-गाजर तेवढं बघून घेते. स्टॉलवरच्या आंटीला इंग्लिश फारसं येत नसेल तर "च्याक चाय" म्हण. होक्कियन ह्या चिनी बोलीत भाजी खाणारी. चाय म्हणजे चहा नव्हे, भाजी. हे दोन शब्द म्हटले की चेहराच बदलतो त्यांचा, मला एका आंटीने त्यावर न मागता जास्तीची कोबी वाढली होती.

आणखी एक, चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, कितीतरी चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी ह्या स्टॉलना रांग असते. कालनिर्णय घरी असेल तर बघून ठेव आणि नेमकं त्या दिवशी टीममध्ये विचार, आज कोण व्हेज खातंय. एखादी तरी निघेल. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण मला अशीच मिळाली, तिची आजी पंधरवड्याचा नेम करायची म्हणून ती पण करते.

सुट्टीच्या दिवशी बुगिसला मिडल रोडवर फॉर्च्यून सेंटर म्हणून जुनी इमारत आहे तिथे जा, आत शाकाहारी हॉटेलंच हॉटेलं. तिथून चालत वॉटर्लू स्ट्रीटवर कृष्णाचं देऊळ आणि अगदी लागून क्वान यिन ह्या चिनी करुणादेवीचं देऊळ. क्वान यिनला आलेले चिनी लोक कृष्णाच्या दारात थांबून उदबत्ती लावून नमस्कार करतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ तिथेच उभी राहिले, आणि ह्या शहरात आपलंही होईल असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

बेडोकचा_बंडू

बिलाबद्दल मी सांगतो. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. १०० डॉलरचे ११९.९० होतात. चायनीज रेस्टॉरंटात बसल्या बसल्या शेंगदाणे आणि ओले टिश्यू आणून ठेवतात त्याचेही पैसे लागतात, नको असतील तर उघडायच्या आधी परत दे, बिलातून काढतात, कोणाला राग येत नाही. टिप द्यायची पद्धत नाही. हॉकर सेंटरला यातलं काही नाही, पाटीवर आहे तेवढेच पैसे.

समान वाटणीचं म्हणशील तर सीफूडला जाणार असतील तेव्हा जो बुकिंग करतो त्याला आधीच मेसेज टाक, मी व्हेज आहे, माझं वेगळं मागवते आणि तेवढे पेनाऊ करते (फोनवरून पैसे पाठवायची इथली सोय). इथे लोक हिशोबाच्या बाबतीत अगदी सरळ आहेत, ४ डॉलर ३० सेंट असले तर तेवढेच मागतात आणि तेवढेच देतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे "अरे राहू दे रे" करत बिलावर ओढाताण होते तसं इथे तरुण मंडळींत नाही.

आणि ऐक, डबा घेऊनच त्यांच्याबरोबर जा की. हॉकर सेंटरची टेबलं सगळ्यांची असतात, मी मॅक्सवेल हॉकर सेंटरला कित्येकदा पोळीभाजीचा डबा उघडून बसलोय, फक्त प्यायला काहीतरी विकत घ्यायचं. मॉलच्या फूड कोर्टात मात्र बाहेरचं खाणं नको अशी पाटी असते. आणि टीमसाठी जागा धरायचं काम तू घे. टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं की जागा धरली, ह्याला चोप करणं म्हणतात, अख्खा देश तो नियम पाळतो. बाकीचे रांगेत उभे असतात तेव्हा टेबल सांभाळणारा माणूस सगळ्यांना हवाच असतो. उठताना ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, सप्टेंबर २०२१ पासून सक्ती आहे, पहिल्यांदा समज देतात नि पुन्हा सापडलं तर ३०० डॉलर दंड. ट्रे ठेवायच्या जागी हलालचा कप्पा वेगळा असतो, तो बघून ठेव, हे महत्त्वाचं आहे.

जुरोंगकर

बंडूशी थोडा असहमत. रोजच्या लंचला आपापलं ठीक, पण निरोपाच्या किंवा वाढदिवसाच्या जेवणात वर्षातून दोन-तीनदा समान वाटा देऊन मोकळं व्हावं. तिथे आपण जेवणाचे पैसे देत नसतो, त्या माणसासाठी गेलेलो असतो. त्यापेक्षा पुढच्या वेळी जागा तू सुचव. सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, शुद्ध शाकाहारी. आमच्या टीमला मी नेलं होतं, पेपर थोसाई (डोशाला इथे थोसाई म्हणतात) टेबलापेक्षा लांब आल्यावर सगळ्यांनी फोटो काढले, आणि हाताने खायला शिकवा म्हणाले. एक मलय सहकारी मला म्हणाला आम्हीपण घरी हातानेच खातो, ऑफिसात काटा-चमचा धरतो एवढंच. त्या दिवसापासून आमचं बोलणं वाढलं.

बंडू: हे पटलं. निरोपाला समान, बाकी आपापलं.

मीनाक्षीकाकू

वृषा बाळ, मी १९९६ पासून इथे आहे. लग्नाचं मी सांगते. चिनी लग्नाला वस्तू नेत नाहीत, लाल पाकीट द्यायचं, अंग पाव म्हणतात. आपण १०१, ५०१ असा वरचा रुपया घालतो ना, इथे बरोबर उलटं, विषम आकडा दुःखाच्या प्रसंगी देतात. तेव्हा सम आकडा घाल, त्यात ४ नको, चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे. ८ चालतो, आवडतो. रक्कम हॉटेलवर ठरते, माणसामागे टेबलाचा खर्च निघावा एवढी देतात, म्हणून ऑफिसमधल्या मुलींना सरळ विचार, त्या आपापसात ठरवतातच. काळे-पांढरे कपडे नकोत, साडी नेसून जा, त्यांना फार आवडतं. पत्रिकेवर सात असलं तरी जेवण आठपर्यंत सुरू होत नाही, तेव्हा घरून थोडं खाऊन निघ.

येणार म्हणून कळवतानाच व्हेजिटेरियन लिहायचं, तोंडी नाही. मग दहाजणांच्या टेबलावर मधे आठ पदार्थ एकेक करून येतात आणि प्रत्येक वेळी तुझ्यासाठी वेगळी ताटली येते. बेलाचानची, ऑयस्टर सॉसची (कालवांचा असतो) काळजी राहत नाही. आणि सगळे उभे राहून पेले उंचावून "याऽऽऽम सेंग" म्हणतात, म्हणजे चिअर्स, श्वास संपेपर्यंत तो याऽऽऽम लांबवायचा असतो, तेव्हा तूही चहाचा पेला घेऊन मोठ्याने म्हण. दारू प्यायलाच पाहिजे असं कोणी धरून बसत नाही. डी अँड डीलाही हेच सगळं, त्यात कपड्यांची थीम आणि शेवटी लकी ड्रॉ, तो झाल्याशिवाय कोणी उठत नाही. शेवटची एमआरटी (इथली मेट्रो) बाराच्या आसपास असते आणि बारानंतर मीटरच्या टॅक्सीला ५० टक्के जास्त पडतात, टॅम्पिनीसची एखादी सोबत आधीच बघून ठेव.

आणि बाळ, ऑफिसच्या लोकांनी घरी बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. घरं लहान, त्यात आईवडील बरोबर राहतात, म्हणून इथे भेटायचं ते बाहेर जेवायलाच. घरी बोलावतात ते चिनी नववर्षाला, तेव्हा नक्की जा, दोन संत्री हातात घेऊन. घरपणा हवा असेल तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला ये. आमच्या काँडोत संक्रांतीचं हळदीकुंकू फंक्शन रूम घेऊन करतो, तुला आत्ताच बोलावून ठेवते. तोवर एखाद्या शनिवारी वरणभात खायला ये, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

सटाण्याची_वृषा

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा, आधी करून बघायचं होतं आणि मग लिहायचं होतं. काकू, व्यनि केलाय.

मंगळवारी पौर्णिमा होती. मी सकाळी टीमच्या ग्रुपवर विचारलं आज कोणी व्हेज खाणार आहे का, आणि कोण हो म्हणालं असेल? आमची अकाउंट्सची सीनियर, जिच्याशी मी चार महिन्यांत "गुड मॉर्निंग"च्या पुढे बोलले नव्हते. आम्ही दोघी गेलो, तिने टिश्यू टाकून टेबल धरलं, मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा आंटीने चिनीत काहीतरी विचारलं, मी "च्याक चाय" म्हटलं, ती दोन सेकंद बघत राहिली आणि मग मागे वळून तिच्या नवऱ्याला ओरडून काहीतरी सांगितलं, दोघंही हसले, छान हसले. बी हून, कोबी, पापडी, वर लाल मिरचीची चटणी (ती पण व्हेज, विचारून घेतली), ४ डॉलर. सोबत तेह हालिया, म्हणजे आपला आल्याचा चहाच की हो, फक्त गोड फार, पुढच्या वेळी "सिऊ दाय" म्हणायचं, कमी साखर, हे तिने शिकवलं.

बेलाचानचं मी तिला सांगितलं, सेंडऑफच्या दिवसाचं. ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली ऑर्डर मीच दिली होती. मला इतकं कसंतरी झालं. पण मग तिनेच फोन काढला आणि मला काय काय चालत नाही ते एकेक विचारून लिहून घेतलं, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, सुकट, अंडं. नोव्हेंबरच्या टेबलाचं बुकिंगसुद्धा तीच करते म्हणे.

उद्या डबा नेतेय, पण दोघींना पुरेल एवढा. मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. तिला लसूण रोज चालतो, पौर्णिमेलाच नाही, विचारून घेतलंय.

जुरोंगकर, कोमला विलासला आठजण गेलो तर शनिवारी दुपारी जागा मिळते का?

जुरोंगकर

साडेअकराला पोचा. साडेबारानंतर जिन्यापर्यंत रांग असते.