टर्बो डिझेल पाय दाबला की दम सोडते, टर्बो बदलण्याआधी काय काय तपासू? (कोल्हापूर)

राम राम मंडळी,

गाडी २०१५ची डिझेल सेडान, १.३ लिटर, ९० पीएस, मॅन्युअल. टर्बो (इंजिनात दाबानं हवा कोंबणारा पंखा) व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्या हलणारा. रनिंग १ लाख ३० हजाराच्या पुढं. सर्व्हिस वेळच्या वेळी, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर मागच्याच सर्व्हिसला नवे टाकलेत, त्यामुळं कृपया तिथून सुरुवात नको.

शहरात गाडी एकदम शहाणी. ताराराणी चौकातून रंकाळ्यापर्यंत चालवून बघा, म्हणाल हिला काय धाड भरलीय? हायवेला पाय हलका ठेवून कागलपर्यंत गेलो तरी तक्रार नाही. पण ओव्हरटेकसाठी तिसऱ्यात टाकून पाय पूर्ण दाबला की आधी ओढते, २५०० आरपीएमच्या आसपास एकदा अडखळते आणि मग मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी होते. चेक इंजिनचा लाइट लागतो, ३०००च्या वर जायचं नाव घेत नाही. कडेला घेऊन चावी बंद-चालू केली की ताकद परत, जणू काही झालंच नाही.

ऊस सुरू असताना गगनबावडा रोडला ही भानगड फार वाईट. कुडित्र्याच्या पुढं एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. मी पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि हिनं दम सोडला. समोरून एसटी. ब्रेक मारून परत मागं आलो. बायको शेजारी होती, कळे येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

एका ठिकाणी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड वाचला आणि निकाल दिला: टर्बो गेला, बदलावा लागेल. अंदाज पन्नास हजाराच्या घरात. बॉनेटखाली हात घालून एक पाइपसुद्धा हलवून बघितला नाही. कोड पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट. ईसीयूनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) मागितला तेवढा हवेचा दाब मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. का मिळाला नाही, ते त्यात नसतं. फुटलेला होज, चिरलेली व्हॅक्यूमची नळी, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), काजळीनं जाम झालेल्या पात्या, सगळ्यांना हाच कोड येऊ शकतो.

म्हणून ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आणला आणि वाघबीळहून पन्हाळा चढताना तिसऱ्यात १५००पासून पाय पूर्ण दाबून लॉग घेतला. मोबाइलवर नजर ठेवायला मेव्हणा शेजारी होता, चालवता चालवता आकडे बघायच्या फंदात कुणी पडू नका.

इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, वातावरणाचा धरून, मोजणारा) ०.९५ बार दाखवतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं १ न दाखवता थोडं कमी दाखवणं बरोबरच. पाय दाबल्यावर मागणी २.२ बार, मिळतात १.६, आणि तेही टिकत नाहीत. रेल प्रेशर (डिझेलचा दाब) मात्र मागणीच्या बरोबरीनं १५०० बारच्या वर जातं, म्हणून डिझेलच्या बाजूवर माझा संशय नाही. मित्र मागून गाडी घेऊन येत होता, तो म्हणाला अडखळते त्या क्षणी काळा लोट निघतो. निळा धूर नाही, दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल घालावं लागत नाही. काच खाली केली की पाय दाबल्यावर 'फुस्स' असा बारीक आवाज येतो. सकाळी इंजिन थंड असताना त्रास कमी.

ब्रेक पॅडल नेहमीसारखं मऊ आहे. माझ्या गाडीत ब्रेक आणि टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (पात्या हलवणारा) दोन्ही एकाच व्हॅक्यूम पंपावर चालतात, त्यामुळं पंप ठीक असावा असं धरलंय. सोलेनॉइडपासून (व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा विजेचा वॉल्व्ह) पुढची नळी अजून तपासली नाही.

टर्बो खरंच गेला असेल तर बदलेन, पैशासाठी रडत नाही. पण तो गेलाय हे सिद्ध करणारी तपासणी कुठली, आणि कुठल्या क्रमानं करू?

---

उद्यमनगरकर:

दादा, लॉग घेतलासा ते बेस केलंसा. पण त्यातला एक आकडा राहिलाय बघा. मॅफ किती होता? एअर फिल्टरनंतर लगेच बसलेला सेन्सर, आत गेलेली हवा मोजतो. बूस्ट कमी पण मॅफ चांगला चढतोय, तर हवा टर्बोतनं जातीया आणि पुढं कुठंतरी सुटतीया. ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशोबानं डिझेल मारतो, हवा मधेच पळून जाते, मग काळा धूर निघणारच की. आणि दोन्ही आकडे कमी असतील तर पात्या, व्हॅक्यूम न्हाईतर ईजीआर.

फुस्स आवाज आणि गरम झाल्यावर जास्त त्रास, मला तर होजच वाटतोय. रबर गरम झालं की मऊ पडतं, चीर उघडती. हातानं दाबून बघितलं तर काय बी दिसत न्हाई. दाबच द्यावा लागतो.

उद्यमनगरात कुठल्या बी लेथवर टर्बोच्या इनलेटच्या मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा बूच कातून घ्या, मधे सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवा. इंजिन बंद, ब्रीदरची (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारी) नळी काढून तोंड बंद, आणि रेग्युलेटर लावून हळूहळू हवा. गेजवर, म्हणजे वातावरणाचा दाब सोडून, १ बारच्या वर अजिबात जायचं न्हाई, सील उडतील. साबणाचं पाणी फवारा आणि बघत बसा. थोडी हवा इंजिनच्या वॉल्व्हमधनं सायलेन्सरकडं जातीच, त्याला घाबरू नका.

---

घाटरस्ता:

वरच्याशी सहमत, पण होज सापडला म्हणून तिथंच थांबू नका. १.३ डिझेल, एवढं रनिंग, त्यात बरंचसं शहरात, म्हणजे पात्यांवर काजळी असणारच. हातपंपानं अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या. दांडा सरळ, न अडखळता पूर्ण खेचला गेला पाहिजे आणि सोडल्यावर झटकन परत आला पाहिजे. मधेच अडकत असेल तर पात्या जाम. व्हॅक्यूम धरूनच ठेवत नसेल तर डायफ्रॅम फाटलाय, टर्बोचा दोष नाही.

एक लक्षात घ्या. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या या प्रकारात व्हॅक्यूम मिळालं की पात्या मिटतात आणि बूस्ट वाढतो. नळी चिरली असती तर गाडी १५००पासूनच मेल्यासारखी चालली असती. तुमची आधी ओढते आणि मग सोडते. म्हणून नळीवरचा माझा संशय कमी.

आणि टर्बोच्या शाफ्टला हात लावून बघा. आडवा किंचित हलला तर चालतो, पुढंमागं हलायला नको आणि पंखा आतल्या भिंतीला घासलेला नको. टर्बो गेला की नाही ते इथं कळतं, स्कॅनरवर नाही.

---

मूळ धागाकर्ता:

दोघांचेही आभार. जुना लॉग परत उघडला. मॅफ बऱ्यापैकी चढलेला दिसतोय, बूस्ट १.६वर अडकलेला असतानासुद्धा. म्हणजे हवा जातेय आणि सुटतेय.

बूच कातून घेतला. लेथवाल्या काकांनी आधी विचारलं, "हे काय पंपाचं हाय का?" गाडीच्या टर्बोचं म्हटल्यावर पैसे निम्मे घेतले आणि काय निघालं ते सांगायला या म्हणाले. अर्धा बार दिला तोवर सगळं शांत. ०.८च्या पुढं गेलो तशी इंटरकूलर (टर्बोतनं आलेली गरम हवा थंड करणारा) त्याच्यानंतरच्या होजवर, क्लिपच्या बरोब्बर मागं, फेसाचा एक पट्टा उठला. दाब सोडला की चीर मिटते, बोटानंही लागत नाही. बाहेरून ऑइलमिश्रित काळी धूळ चिकटली होती. त्याच होजच्या वरच्या बाजूला ती नव्हती, म्हणजे खूण डोळ्यासमोरच होती.

शाफ्ट बघितला, पुढंमागं अजिबात हलत नाही, पंखा स्वच्छ.

नवीन होज आणि जुबली क्लिप टाकून परत वाघबीळ-पन्हाळा केलं. लाइट लागला नाही, धूर नाही, ३५००पर्यंत गाडी सरळ ओढते. पण मागणी २.२ असताना मिळतात २.०५, आणि तिथं पोचायला जरा उशीर करते. हातपंपानं अ‍ॅक्च्युएटरचा दांडा ओढला तर शेवटच्या पाव भागात किंचित अडखळतो. व्हॅक्यूम मात्र धरून ठेवतो. तेव्हा घाटरस्ता म्हणतात ती काजळी आहेच.

आता पुढचा प्रश्न. पात्या साफ करायच्या तर टर्बो उतरवून फक्त एक्झॉस्टची बाजू उघडून करता येतं ना, मधला बेअरिंगचा भाग न हलवता? उघडण्याआधी हाउसिंगवर खुणा करायच्या हे ठाऊक आहे. पात्यांचा कमीत कमी उघडीचा स्टॉप स्क्रू हलवायचा नाही, हेही ठाऊक आहे. गॅस्केट, ऑइल लाइनचे वॉशर नवे घेणार. अजून काय आधीच आणून ठेवू? कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात हे काम स्वतः करणारा, उगीच कार्ट्रिज (तोच मधला बेअरिंगचा भाग) बदला म्हणून मागं न लागणारा मेस्त्री कुणाच्या पाहण्यात असेल तर व्यनि करा. तोवर ट्रॉलीच्या मागं निवांत चालवतोय.