हवामानाचं बिल: ‘आधी अमेरिकेने भरावं’ हे पालुपद अजून किती वर्षं?

नदीकाठचा:
२०२४ला बाकूतल्या जागतिक हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना हवामान बदलाशी झगडण्यासाठी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. मागणी होती १३०० अब्जांची. भारताने हरकत घेतली ते योग्यच. पण १९९२च्या रिओ हवामान करारातली, कोणी भरायचं हे ठरवणारी, विकसित-विकसनशील अशी देशांची विभागणी आपण अजून कवटाळून बसलोय. तिच्यात चीन विकसनशील! आज एकटा चीन अमेरिका आणि युरोपीय महासंघ या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त कार्बन सोडतो. ही विभागणी बदला म्हणायला आपण कचरतो, कारण चीनच्या आडोशाला आपलाही कोळसा झाकला जातो.

तिरकस:
आणि अमेरिका? कार्बन कपातीच्या क्योटो कराराच्या आधीच, जुलै १९९७मध्ये, तिथल्या सिनेटने (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) ९५ विरुद्ध ० मतांनी ठरवलं की विकसनशील देशांवर बंधनं नसतील तर आम्हीही बांधून घेणार नाही. क्लिंटन सरकारने सही केली, पण करार सिनेटपुढे नेलाच नाही. २००१मध्ये बुश यांनी अंग काढून घेतलं. २०१५च्या पॅरिस हवामान कराराचंही तेच: ट्रम्प बाहेर, बायडेन आत, पुन्हा ट्रम्प बाहेर. आजवरच्या कार्बनपैकी जवळपास पाव हिस्सा ज्यांचा, त्यांची ही तऱ्हा, आणि नमतं घ्यायचं आपण? माणशी वर्षाचा कार्बन बघा. अमेरिकन सुमारे १४ टन, भारतीय २.

नदीकाठचा:
माणशी हिशेब पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१लाच मांडला होता, मान्य. पण त्या २ टनांत मलबार हिलचे एसी आणि मेळघाटातल्या चुली एकत्र धरल्यात. बाहेर समता मागणाऱ्यांनी घरातलंही बघावं.

चंद्रपूरकर:
घरातलंच सांगतो. कोळशावरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आमच्या उशाशी. राख आमची, वीज राज्याची, उन्हाळ्यात पारा ४५च्या वर. (पुणेकरांनो, तुमच्या ४०चं कौतुक पुरे.) केंद्र बंद झालं तर कंत्राटी कामगाराने जायचं कुठे? तुम्हा दोघांच्याही हिशेबात तो नाही.

तिरकस:
म्हणूनच अनुदान हवं. २००९ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला, २०२०पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर. आकडा गाठला २०२२ला, त्यातही बराचसा पैसा कर्जाऊ. कर्ज काढून चंद्रपूरची केंद्रं बंद करायची?

नदीकाठचा:
बाहेरचा पैसा येईल तेव्हा येईल. २०१५पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणबाधित भागांसाठीच्या निधीत) खाणींचा पैसा जमतोय. त्यातून कोळशानंतरच्या रोजगाराची तयारी का नको? तिथे तर सिनेट आडवी येत नाही.

चंद्रपूरकर:
रास्त प्रश्न. माझ्या तरी पाहण्यात अशी तयारी नाही. पण तेवढ्यावर अमेरिकेला सोडू नका.