चार फुटी रीफ टाकीत राजा कोण? पावडर ब्ल्यू, एम्परर की मँडरिन?

अंत्रुजकर

घर फोंड्यात. हॉलमध्ये ४ बाय २ बाय २ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी). हिशेबाने पाणी ४५० लिटर, दगड-वाळू वजा जाता ३८० धरा. पावणेदोन वर्षं झाली. मश्रूम, लेदर, झोअँथिड असं सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) छान पसरलंय. मासे मात्र बारके: दोन डॅमसेल, एक गोबी, कार्डिनलची जोडी. पाहुणा येतो, निळे दिवे बघून "वा" म्हणतो आणि लगेच विचारतो, "मासे कुठे आहेत?" सासऱ्यांचा प्रश्न त्याहून सरळ: "हाचें हुमण जाता?" (याचं कालवण होतं का?)

आता एक मासा असा हवा की दारातून आत येणाऱ्याचं पाऊल थबकलं पाहिजे. माझं मन पावडर ब्ल्यू टँगवर. दुकानदार म्हणतो, एम्परर एंजलचं पिल्लू घ्या. दोन बोटं लांब, काळ्या-निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, बघितलं की नजर हटत नाही. मुलीला मँडरिन हवा. इतकी वर्षं पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचं बिल भरलं ते काय गोबी बघायला? एक तरी राजा हवाच, हे माझं मत. विरोध असेल तर कारणासकट लिहा, नुसतं "बिचारा मासा" नको.

खारेपाणी

एम्परर आजच डोक्यातून काढा. पूर्ण वाढला की ४० सेंटिमीटर. तुमच्या टाकीची रुंदी ६०. वळताना त्याला रिव्हर्स घ्यावा लागेल. ज्या वर्तुळांवर तुम्ही भाळलात ती वाढीत जातात आणि पिवळे-निळे पट्टे येतात, म्हणजे घेतलेला मासा एक आणि सांभाळायचा दुसरा. समुद्रात त्याचं मुख्य खाणं स्पंज. तुमचे झोअँथिड तो आधी चाखून बघणार आणि मग आवडीने खाणार. दुकानदाराला तीन वर्षांनंतरचं सांगण्यात काही मिळत नाही.

पावडर ब्ल्यूला मात्र माझा पाठिंबा, दोन अटींवर. एक, तो टाकीत सगळ्यांत शेवटी जाणार. आधी गेला तर पुढच्या प्रत्येक नव्या माशाला शेपटीजवळच्या काट्याने फाडेल. टँगचं सर्जनफिश हे दुसरं नाव त्या काट्यावरूनच पडलंय, म्हणून पकडताना जाळी नको, तो अडकतो. प्लास्टिकचा डबा वापरा.

दोन, क्वारंटाइन. यावर तडजोड नाही. व्हाइट स्पॉट या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्यात या माशाचा हात धरणारा दुसरा नाही. त्या परजीवीचं चक्र असं आहे की माशाच्या अंगावरून ठिपके गेले तरी रोग गेलेला नसतो. तो वाळूत, दगडावर कोषात बसलेला असतो, तिथून फुटून पुन्हा माशावर चढतो. उपाय तांब्याचा, पण तांबं कोरल आणि कोळंब्यांना मारतं, म्हणून मुख्य टाकीत थेंबही टाकता येत नाही. वेगळी साधी काचेची टाकी, त्यात महिनाभर औषध, मात्रा रोज किटने मोजायची. रोग मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ७६ दिवस टाकी रिकामी ठेवायची. तेव्हा दारातला पाहुणा थबकेल खरा, रिकामी टाकी बघून.

बार्देशकर

खारेपाणींच्या अटी बरोबर, पण पाठिंबा चुकीचा. मीच चार फुटी टाकीत पावडर ब्ल्यू ठेवून बसलोय. होतो म्हणा.

वीतभर होणारा मासा दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडत फिरतो. माझा मासा एका काचेपासून दुसरीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. पाहुणे म्हणायचे, काय ऐटीत पोहतो! मला मात्र सहा महिन्यांनी कळलं की ती ऐट नव्हती, पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझारा होत्या. ताण आला की ठिपके, ठिपके आले की लसूण चोळलेलं नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), बरा झाला की पुन्हा येरझारा. (लसणाने काही होत नाही. माझ्या समाधानासाठी चोळत होतो.)

गेला कसा? जूनच्या पहिल्या पावसात रात्री लाइट गेली, आम्ही झोपेत. सकाळी गोबी जिवंत, कोरल मिटून बसलेलं, आणि हा तळाला. मोठा आणि सतत पोहणारा मासा, त्याला प्राणवायू जास्त लागतो, पाणी हलायचं थांबलं की पहिला तो जातो. राजा आणण्याआधी बॅटरीवरचा एअर पंप आणा, दोन आणा. आपल्याकडची लाइट तुम्हाला मी काय सांगणार.

अंत्रुजकर

बार्देशकर, वाईट वाटलं. पण इन्व्हर्टर नव्हता म्हणून गेला, टाकी चार फुटी म्हणून नाही. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. येरझारा प्रत्येक मासा घालतो. डॅमसेलही घालते.

सांखळीची वहिनी

डॅमसेल वाळूतल्या स्वतःच्या खड्ड्याभोवती फिरते, ते तिचं घर राखणं. त्याला येरझारा म्हणू नका.

मी म्हणते, क्लाउनफिशची जोडी घ्या. हसू नका. मंडपम आणि विळिंजमला सीएमएफआरआयने (केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था) यांची पैदास करून दाखवली आहे, म्हणजे समुद्रातून न ओरबाडता मिळणारा मासा. टाकीतच जन्मलेला, पेलेटवर (दाणेदार खाण्यावर) वाढलेला, हातातलं खायला येतो. आमची जोडी आठ वर्षांची आहे, आणि हे मासे वीस वर्षंही जगतात. पिल्लं सगळी नर म्हणून वाढतात. दोघांतला मोठा मादी होतो. मादी गेली की उरलेला नर मादी होतो! आमच्या शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती अर्धा तास टाकीपुढून हलली नाही. पाऊल थबकवायला रंगच लागतो असं नाही, अहो, गोष्ट लागते. आमच्याकडे अंडी घालतात तेव्हा नर पंखांनी वारा घालत बसतो, पोरं शाळेतून आली की दप्तर न टाकता आधी तेच बघतात.

अंत्रुजकर

वहिनी, मान्य, पण क्लाउनफिश म्हणजे चवथीला मोदक. सगळ्यांकडे तेच.

सांखळीची वहिनी

मग मोदक नको म्हणणारा एक तरी दाखवा.

मुरगावचा डायव्हर

तुम्ही सगळे राजा शोधताय, कुणाच्या घरातून उचललाय ते कुणी विचारत नाही. फिलिपिन्स-इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवतात, तो मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि तीन आठवड्यांनी उगाच मरतो. टँगचं म्हणाल तर पिवळा टँग हवाईत २०१५ साली आणि निळा हिप्पो टँग फ्लोरिडात २०१६ साली पैदाशीतून वाढवता आला, पण आपल्या दुकानात येतो तो बहुतेक पकडलेलाच.

आणखी एक. दुकानदार उद्या हार्ड कोरलही देऊ करेल. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्याच रांगेत. समुद्रकाठचा प्रवाळखडक उचलून आणणंही त्यातच आलं.

आमच्या ग्रँड आयलंड बेटावर ऑक्टोबरनंतर डायव्हिंगला या. दृश्यमानता खराब, हे आधीच सांगतो, मालदीव नाही ते. पण खडकाच्या कपारीत गोब्रो (ग्रूपर मासा) बसलेला दिसतो, तुमच्याकडे बघतो, आणि उगाच तुम्हालाच शोपीस झाल्यासारखं वाटतं.

सांखळीची वहिनी

२०१७ सालचं आठवतं का? केंद्राने १५८ जाती ठेवायला-विकायला मनाई करणारे नियम काढले होते, त्यात क्लाउनफिशही. हॅचरीत जन्मलेला आणि सायनाइडने गुंगवलेला, दोघे एकाच यादीत. पुढे नियम मागे घेतले ते बरं झालं. सरसकट "नको" म्हणणाऱ्यांनी निदान एवढा फरक करावा.

मुरगावचा डायव्हर

करतो. क्लाउनफिशला माझा विरोध नाही. पावडर ब्ल्यूला आहे, आणि मँडरिनलाही.

पेडणेकर

मँडरिनला का? या टाकीला तोच शोभतो. पोर बरोबर आहे, बापाने ऐकावं.

बहुतेक निळे मासे खरे निळे नसतात. त्यांच्या त्वचेतल्या बारीक थरांवर उजेड फुटतो म्हणून निळे दिसतात. मँडरिनच्या अंगात निळं रंगद्रव्यच असतं, असा प्राणी फार दुर्मीळ. तीन इंचाच्या आतला, जागा कमी लागते. अंगावर खवले नाहीत, जाड कडवट बुळबुळीत थर, त्यामुळे व्हाइट स्पॉट सहसा लागत नाही. खारेपाणींचं तांब्याचं प्रकरण इथे निम्मं झालं. संध्याकाळी दिवे मंद झाले की जोडी एकमेकांना बिलगून पाण्यात वर चढते. ते एकदा बघा आणि मग टँगचं नाव काढा.

अडचण एकच, पण मोठी. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो. दुकानात पोट आत गेलेला दिसला तर पाठ फिरवा. तुमची टाकी पावणेदोन वर्षांची म्हणजे कोपेपॉड असतील, पण डॅमसेल आणि कार्डिनलही तेच खातात. रात्री टॉर्च मारा, काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसले पाहिजेत. सम्पमध्ये चीटो शेवाळाचा कप्पा करा, तिथे पैदास होऊ द्या, आणि तीन महिने थांबा. फ्रोझन खाणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

मुरगावचा डायव्हर

हेच म्हणतोय. सुंदर मासा उपाशी मरतो तो चार-पाच महिन्यांत, इतका हळू की घरच्यांना कळत नाही.

खारेपाणी

पेडणेकरांचा मुद्दा पटला, माझं मत थोडं बदललं. पावडर ब्ल्यूला सहा फुटी टाकी हवी, हे मी आधी लिहायला हवं होतं. बार्देशकर, तुमचा राग बरोबर होता.

अंत्रुजकर

काल रात्री टॉर्च मारला. काचेवर ठिपके दिसले, पण मोजण्याइतकेच. मुलीने वहीत लिहिले: सतरा. आज सम्पमध्ये चीटोचा कप्पा बसवला. एम्परर रद्द, दुकानदाराला फोनवर सांगितलं, त्याने "तुमची मर्जी" म्हणून ठेवला. पावडर ब्ल्यूचा मोह सुटलेला नाही, खोटं कशाला बोलू. सहा फुटांना हॉलमध्ये जागा आहे का, हे टेप घेऊन मोजलं. सोफा काढला तर आहे. सोफा काढायची परवानगी नाही.

एक व्यावहारिक प्रश्न. चवथीला पाच दिवस गावी जातो, घर बंद. खाणं कोण घालणार? ऑटो फीडर पावसाच्या दमटपणात गोळा होतो, मागच्या वर्षी झाला होता.

सांखळीची वहिनी

आमचा गणपती दीड दिवसाचा. माझा भाऊ फोंड्यातच असतो, त्याला घेऊन तिसऱ्या दिवशी येईन. रोजच्या खाण्याच्या वेगळ्या पुड्या बांधून फ्रिजमध्ये ठेवा. आणि डबा सासऱ्यांच्या हाती देऊ नका.