जुन्या शहराखालून मेट्रो: भीती बोगद्याची की स्थानकाची?

नकाशावेडी: जुन्या शहरांखालच्या मेट्रोचे आराखडे अभ्यासतेय. बोगदा इतका खोल असताना वरच्या जुन्या भिंतींना धोका येतो कुठून? आणि मार्ग सरळ न नेता रस्त्यांच्या खालून वळवत का नेतात?

पाया_ते_कळस: बोगद्याच्या यंत्रामागोमाग काँक्रीटची कडी बसत जातात, त्यामुळे जमीन फारशी हलत नाही. खरी धास्ती उघड्या खड्ड्याची. स्थानकासाठी जमीन वरपासून खालपर्यंत उकरावी लागते. खड्ड्याच्या भिंतीला कुठे फट राहिली की भूजलाबरोबर बारीक वाळू वाहून येते आणि शेजारच्या पायाखाली पोकळी होते. ॲमस्टरडॅमला २००८ मध्ये स्थानकाच्या खड्ड्यात अशीच गळती होऊन कडेची जुनी घरं खचली. कोलोनला ३ मार्च २००९ रोजी शहराचं ऐतिहासिक अभिलेखागारच कोसळलं. शेजारी रूळ बदलण्याच्या जागेसाठी खड्डा खणला होता. दोन जीव गेले, शतकांची कागदपत्रं चिखलात गेली. माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ही घटना मुळापासून वाचलीच पाहिजे.

वळणांचं म्हणाल तर ॲमस्टरडॅमची जुनी घरं जमिनीत खोल ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत, म्हणून बोगदे रस्त्यांखालून नेले. दे पाइप स्थानकात रस्ता इतका अरुंद की फलाट शेजारी न घेता एकावर एक घेतले.

मातीखालचं: पुरातत्त्वालाही हेच लागू. बोगदा अवशेषांच्या थराखालून निघून जातो, स्थानक त्या थरातूनच उतरतं. इस्तंबूलला येनिकापी स्थानकाच्या खोदाईत बायझंटाईन बंदर लागलं, ३७ जहाजांचे सांगाडे निघाले. अशा ठिकाणी वेळापत्रक पुरातत्त्वज्ञांना विचारूनच आखावं, याबाबत मी हट्टी आहे.

नकाशावेडी: मग इमारत हलतेय हे कळतं कसं?

पाया_ते_कळस: भिंतीवर प्रकाश परतवणारे छोटे प्रिझम चिकटवतात आणि यंत्र त्यांची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजत राहतं. तड्यावर मोजपट्टी बसवतात. पण ही मोजणी खोदाईच्या निदान वर्षभर आधी सुरू हवी. जुनी भिंत ऋतूप्रमाणे आपसूक थोडी हलते. ती हालचाल आधी नोंदलेली नसेल तर पुढे कुठला तडा कोणामुळे, यावर नुसते वाद होतात. सगळी इमारत सारखी बसली तर फारसं बिघडत नाही, एकच कोपरा बसला की कमानी उकलतात. लंडनला बिग बेनच्या मनोऱ्याखाली आडव्या नळ्यांतून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, दाबून त्याचा कल आवरला होता. तुमच्या आराखड्यांत आधी स्थानकं, शाफ्ट (खाली उतरणाऱ्या उभ्या विहिरी) आणि भूजलाची पातळी बघा, मार्गाची रेघ नंतर.