सहावीच्या मुलांना किनाऱ्यावरचे जीव दाखवायचेत: जुहू की हाजी अली, आणि कोणत्या दिवशी?

विज्ञान_दादर
सहावीची 42 मुलं, 4 शिक्षक, 2 पालक. डिसेंबरातला एक शनिवार ठरतोय. शाळेची बस 11 ते 1 मोकळी आहे आणि त्या दिवशी ओहोटी बरोबर 12 वाजता, म्हणजे वेळ छान जुळते. तिथी अष्टमी आहे. जुहूला जावं की हाजी अलीला? मुलांच्या हातात काय द्यायचं, काय नाही? पायात काय हवं?

ओहोटीची_वही
ताई, वेळ जुळते, पण पाणी जुळत नाही. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते. ओहोटीलाही पाणी दीड-दोन मीटरच्या खाली फारसं उतरत नाही, त्यामुळे सगळ्यात जिवंत पट्टा पाण्याखालीच राहतो. मुलांना वरचे कोरडे खडक आणि प्लास्टिक तेवढं दिसेल. मुंबईच्या (अपोलो बंदर) भरती-ओहोटीच्या तक्त्यात नुसती वेळ बघू नका, शेजारचा मीटरचा आकडा बघा. 0.7 किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम, 1 पर्यंत चालेल.

तक्ता हाताशी नसेल तर जुना हिशेब मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो: तिथी गुणिले 3, भागिले 4, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला 6, म्हणून तुमची ओहोटी 12 ला. तृतीयेला भरती सव्वादोनला, तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी 8 च्या सुमारास ओहोटी. पक्ष कोणताही चालतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप उतरतं, पण सकाळी साडेपाच-सहाला, तेव्हा डिसेंबरात अंधार असतो. उधाणाचा जोर त्यानंतर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून शाळेसाठी द्वितीया-तृतीयाच खरी सोयीची. चतुर्थीलाही जमेल, पण कोणत्याही तिथीला सकाळच्या ओहोटीचा आकडा बघूनच ठरवा; डिसेंबरात ती संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा कमी उतरते.

शनिवारचा हट्ट सोडा आणि बस सकाळची मागा. तृतीयेला 7 वाजता वाळूवर पोचा, पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग पुढे जा आणि साडेआठला परत फिरा. नंतर पोचलात तर पाणी चढत असताना मुलं आत, हे टाळायलाच हवं.

मोरागाव_किनारा
जुहू घ्या. एकाच फेरीत वाळूही मिळते आणि कोळीवाड्याच्या बाजूचे खडकही. हाजी अलीचे खडक जीवांनी भरलेले आहेत, पण 42 मुलं एकदम उतरवण्याची ती जागा नाही. कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावावी लागली होती; उरलेल्यावर पाय पडू नये. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड (काँक्रीटचे चौपायी ठोकळे) तर नकोच, फटीत पाय अडकतो.

पाणी फक्त समोरून चढतं, असं समजू नका. जुहूला वाळूच्या उंचवट्यामागे खोलगट पट्टे असतात, ते आधी भरतात. मुलं पुढे बघत राहतात आणि परतायच्या वाटेवर गुडघाभर पाणी झालेलं असतं. एक मोठा माणूस फक्त मागे लक्ष ठेवायला उभा करा, दुसरं काम त्याला देऊ नका.

पाण्यातून चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. पाकट (स्टिंगरे मासा) वाळूत दबून बसतं. चाहूल लागली तर निघून जातं, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. 2013 च्या गणेशविसर्जनात गिरगावला अनेकांना असेच काटे लागले होते. पायात जुने, बंद, लेसचे बूट. चप्पल निसटते आणि खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात.

शंख_शिंपले
गट सात-सातचे करा, प्रत्येकी एक मोठा माणूस; मागे लक्ष ठेवायला सातवा माणूस वेगळा घ्या. 21 मुलं खडकावर, 21 वाळूवर, 35 मिनिटांनी अदलाबदल.

वाळूवरच्यांना रिकामं ठेवू नका. बारीक बारीक वाळूच्या गोळ्या बिळाभोवती चांदणीसारख्या पसरलेल्या दिसतील. छोटा खेकडा वाळू तोंडात घालून तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली गोळी मागे टाकतो. दोन मीटरवर बसून पाच मिनिटं हलू नका, तो बाहेर येतो. शिंपल्याला कडा तासल्यासारखं गोल भोक दिसलं तर तो चंद्रशंखाचा उद्योग. भोक पाडून तो आतलं मांस खातो. त्याच शंखाची अंडी म्हणजे वाळूची अर्धवट गोल कॉलर, फुटक्या मडक्याच्या काठासारखी. किनारा साफ करताना मुलं ती हमखास कचऱ्याच्या पिशवीत टाकतात, म्हणून आधीच दाखवून ठेवा.

खडकावर फक्त हाताने सहज हलेल एवढाच दगड उचलायचा, बघून झाला की त्याच जागी, त्याच बाजूने ठेवायचा. खालचे जीव उन्हात वाळून मरतात. रिकामा शंखही घरी न्यायचा नाही, हर्मिट क्रॅबला तो घर म्हणून लागतो. शंकूच्या आकाराचा शंख कोणीही उचलू नये. त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते.

विज्ञान_दादर
खूप आभार. बस सकाळी मिळेल असं दिसतंय. प्रथमोपचारात नेहमीच्या पेटीशिवाय काय ठेवू?

शंख_शिंपले
दोन मोठे थर्मास गरम पाणी, एक बादली, एक चिमटा. पाकटाचा काटा लागला तर पाय साधारण 45 अंशांच्या पाण्यात बुडवायचा. आधी मोठ्या माणसाने हात घालून सोसतंय ना बघायचं. आत रुतलेला काटा ओढू नका, थेट रुग्णालय. निळी पिशवीवाली ब्लूबॉटल (जेलीफिशसारखा डंख मारणारा जीव) पावसाळ्यात जास्त येते, तरी लागलीच तर तंतू चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, मग 20 मिनिटं गरम पाणी. पालकांच्या संमतीपत्रात ॲलर्जीची एक ओळ मागून घ्या आणि ती यादी गटप्रमुखाच्या खिशात असू द्या, बसमध्ये नको.